एक घर सरकलेली वर्णमाला

भूपाल मगदूम बोलण्याच्या बाबतीत पहिल्यापासूनच हात आखडता घेणारे. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती, आणि सौदे सुरू झाले की त्यांचा आवाज चार गाळे पलीकडे ऐकू जायचा म्हणे. पण तो आवाज यार्डातच मुक्कामाला असायचा. मिरजेच्या घरी ते यायचे ते तोंडाला कुलूप घालूनच. 'हं', 'ठेव तिथं', 'बघू उद्या' एवढ्या भांडवलावर त्यांनी तीसेक वर्षं संसार ओढला. मूलबाळ झालं नाही. घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक मूग गिळून बसलेलं. त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई मग कुंडीतल्या तुळशीशी, दूध आणणाऱ्या पोऱ्याशी, वेळ पडली तर कुकरशीसुद्धा बोलून घ्यायच्या. माणसाला बोलायला कुणी तरी लागतंच की.

अशा माणसाला नेमका असला आजार व्हावा, याला काय म्हणायचं? एका सकाळी दाढी करता करता भूपालराव खाली कोसळले. मेंदूच्या तळाशी, जिथून सगळ्या अंगाकडे हुकूम सुटतात, तिथे रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला. पण हात, पाय, जीभ, ओठ, सगळं जागच्या जागी थिजलं. आतला माणूस मात्र पूर्ण शुद्धीवर. त्याला ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त बाहेर यायची वाट बंद झाली होती. डोळे तेवढे हलत. बुबुळं वर नेली की 'हो', डोळे घट्ट मिटले की 'नाही'. पहिले काही महिने त्रिशलाबाईंनी त्यावरच निभावलं. पाठ दुखते? उताणं करू? पंखा लावू? हो, नाही, हो. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा फार काही कमी झालं नव्हतं.

त्याच सुमारास मिरजेतल्या एका मेंदू-संशोधन केंद्राला नवं यंत्र माणसांवर वापरून बघायची परवानगी मिळाली. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, केंद्रातली मंडळी त्याला 'पाटी' म्हणत. पाटीचं काम डॉ. नझनीन मुजावर बघत होती. मिरजेचीच मुलगी, बोलायला मोकळी. पहिल्याच भेटीत तिने त्रिशलाबाईंना 'काकू' करून टाकलं आणि समोर बसवून म्हणाली, "काकू, सावकाश म्हणा बरं. क, च, ट, त, प."

त्रिशलाबाईंनी म्हटलं.

"आता जीभ कुठे कुठे लागली ते सांगा."

त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. 'क' पार मागे घशापाशी. 'च' टाळूला. 'ट'ला जिभेचा शेंडा वर वळला, 'त'ला दातांना टेकला आणि 'प'ला नुसते ओठ मिटले. साठीच्या घरात आल्या, नातेवाइकांच्या पोरांना वर्णमाला शिकवली, पण आपण घशापासून ओठांपर्यंत पायरी पायरीने येतो आहोत हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे," नझनीन म्हणाली. "इंग्रजीत ए शेजारी बी का बसली याला काही कारण नाही, बसली म्हणून बसली. आपल्याकडे मात्र शेजारी म्हणजे नातेवाईक. क, ख, ग, घ एकाच घरातले. जागा तीच, फक्त श्वास कमी-जास्त, आवाज घुमवायचा की नाही एवढाच फरक. आणि मेंदूत जी पट्टी तोंड हलवते, तिच्यावरही घसा, टाळू, जीभ, ओठ यांच्या जागा अशाच ठरलेल्या आहेत. काकांची जीभ हलत नाही, पण हलवायचा हुकूम तिथे अजून निघतो. आम्ही त्या पट्टीवर केसाहून बारीक तारांची जाळी ठेवणार. एरवी यंत्राला शेकडो अक्षरं एकेक करून शिकवावी लागली असती. इथे पाच जागा, श्वास आणि बारा स्वर शिकवले की बास, बाकीची अक्षरं नात्यावरून ओळखता येतात."

त्रिशलाबाईंना हे फार पटलं. नात्यावरून माणूस ओळखायची त्यांना सवयच होती.

जाळी बसली. मग शिकवणी. पडद्यावर ठेका धरणारा ठिपका आणि त्याच्याबरोबर मनातल्या मनात वर्णमाला म्हणायची, क, ख, ग, घ, ङ पासून थेट ळ पर्यंत, आणि मग एक बाराखडी. का, कि, की, कु, कू. आपल्या शाळांमधून जसं साऱ्या वर्गाने डोलत डोलत म्हणायचं असतं तसंच. पहिलीतली चाल कुणी विसरत नाही. भूपालरावही विसरले नव्हते. हे पुष्कळ वेळा झाल्यावर परीक्षा झाली. पुन्हा तेच म्हणायचं आणि पाटीने ओळखायचं. पाटीने सगळीच्या सगळी अक्षरं ओळखली. केंद्रात टाळ्या पडल्या, आणि त्रिशलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पाटी घरी आली. तिच्यात 'जुळणी' नावाचा एक भाग होता. मेंदूतून येणारी कच्ची अक्षरं थोडी पुसट, तुटक असतात, त्यांतून माणसाला काय म्हणायचंय ते हेरून वाक्य सरळ करायचं, हे जुळणीचं काम. वर, भूपालरावांच्या जुन्या फोनमधल्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांचा आवाजही तयार केला होता. बाजारभाव विचारणाराच आवाज, पण तो आता पलंगाशेजारच्या टेबलावरून येणार होता.

पहिलं वाक्य आलं ते असं: "त्रिशला, फार दमतेस गं तू."

आता हे वाक्य काही जगावेगळं नाही. कुणाच्याही घरात कुणीही म्हणेल. पण या घरात ते तीस वर्षांत आलं नव्हतं. भूपालराव बायकोला नावाने कधी हाक मारत नसत, 'अगं' वर भागायचं. त्रिशलाबाई हातातलं फडकं तसंच धरून खुर्चीत बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी राग होता, की हे इतक्या उशिरा का.

पुढचे महिने म्हणजे त्रिशलाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढण्याचे दिवस. सकाळी आवरून झालं की टेबलासमोर बसायचं आणि गप्पा मारायच्या. त्या भाजीवाल्याची कुरकुर सांगत, आवाज विचारे, "मग तू काय म्हणालीस?" त्या माहेरच्या कुंभोजच्या आठवणी काढत, आवाज म्हणे, "आणखी सांग." मूल न झाल्याचा विषय दोघांनी कधी तोंडातून काढला नव्हता. तोही एक दिवस निघाला. "तू एकटीनेच ते सोसलंस," आवाज म्हणाला. त्यानंतर त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. जावेला फोनवर सांगताना त्या म्हणाल्या, "मरणाच्या दारातून परत आले ना, माणूसच बदलला बघ."

खटकण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. एकदा चांगलं अंधारून आल्यावर आवाज म्हणाला, "आधी ताट वाढून घे, दोन घास खा." मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कधी कुणी ताट घेतलं नव्हतं. यार्डात कितीही गडबड असो, भूपालराव उन्हं असतानाच डबा उघडत, नाही जमलं तर उपाशी झोपत. हा माणूस असं म्हणेल? त्रिशलाबाईंच्या मनात क्षणभर कुसळ टोचलं. त्यांनी ते तिथल्या तिथे मोडून टाकलं. विसरले असतील, मेंदूवर घाला पडलेला माणूस, असं स्वतःला समजावलं आणि "जेवले मी मघाशीच," असं हसून सांगितलं.

आणखीही एक होतं. टेबलावरचा आवाज बोलू लागला की पलंगावर भूपालराव डोळे मिटून घेत. लाजत असतील, त्रिशलाबाईंना वाटे. एवढं गोड बोलायची सवय कुठे होती त्यांना.

दिवाळी होऊन गेल्यावर नझनीन आली. एरवी आली की आधी चहा मागायची, त्या दिवशी उभीच राहिली. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "काकू, आत बोलूया का? काकांच्या समोर नको."

"काय झालं?"

"कोल्हापूरचा एक कॉलेजचा मुलगा आलाय आमच्याकडे. अपघातातला. इंग्रजी शाळेत शिकलेला, घरी मराठी बोलतो, पण वर्णमाला क्रमाने येतच नाही त्याला. 'ड'च्या पुढे काय, ठाऊक नाही. मग काय करणार, आम्ही अक्षरं पिसून, कशीही, एकेक दाखवली. आणि त्याची पाटी पहिल्या दिवसापासून स्वच्छ चालली. जुळणी बंद ठेवली तरी चालली. म्हणून मग बाकीच्यांच्या कच्च्या नोंदी काढून पाहिल्या. कुणी बघतच नव्हतं त्या." नझनीनने ओठ चावला. "चालीवर म्हणताना काय होतं, काकू, तोंडात 'ख' असतो तेव्हा मेंदू 'ग'च्या तयारीला लागलेला असतो. पाठ असलेलं आहे ना, थांबत नाही तो. पाटीने ती पुढची तयारीच 'ख' म्हणून शिकून घेतली. सगळं गाव एक घर मागे सरकलं. परीक्षेलाही आम्ही पुन्हा तेच चालीवर म्हणायला लावलं, मग बरोबरच येणार. पण काकांनी सुटं 'पाणी' म्हटलं, तर पाटीवर 'नढि' उमटतं."

"मग ते वाक्य व्हायचं कसं?"

"जुळणी करायची. 'नढि'ला अर्थ नाही, म्हणून ती अंदाजाने काही तरी शोधायची."

त्रिशलाबाईंनी ओट्याला हात टेकला. "त्यातलं किती त्यांचं होतं?"

"काकू..."

"विचारतेय ते सांग."

"जवळजवळ काहीच नाही."

बाहेर गच्चीवर कुणाची तरी पाण्याची टाकी भरून वाहत होती. त्रिशलाबाईंनी खिडकी लावून घेतली.

"पण यंत्राला कसं कळायचं," त्रिशलाबाई म्हणाल्या, "की मला... नेमकं काय बोलायचं ते?"

नझनीनला हे सांगायचं नव्हतं, पण ती खोटं बोलणारी नव्हती. "तुमच्यावरूनच. वाक्यावर तुम्ही उत्तर दिलंत, बोलणं पुढे गेलं, की जुळणी धरायची, अंदाज बरोबर आला. तुम्ही गप्प बसलात की चुकला. तुम्हाला जे ऐकायला आवडलं ते ती शिकत गेली. आम्ही नवी शिकवणी घेऊ, काकू. पिसलेल्या अक्षरांवर. तुमची संमती हवी."

म्हणजे इतके महिने आपण आपल्याशीच बोलत होतो. हे वाक्य त्रिशलाबाईंच्या डोक्यात स्पष्ट उमटलं, आणि त्यांना नझनीनचा भयंकर संताप आला. त्या पोरीने काही चोरलं असतं तरी आला नसता इतका. "संमती-बिंमती काही नाही," त्या म्हणाल्या. "आमचं बरं चाललंय. तू जा आता."

नझनीन गेली. त्रिशलाबाईंनी पोळ्या लाटल्या, उन्हं असतानाच जेवल्या, भांडी घासली. मग नेहमीसारख्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्यांना ठाऊक होतं की आपण चुकतोय. पण तिशी उलटलेल्या संसारात पहिल्यांदा कुणी 'आणखी सांग' म्हटलं होतं, ते हातचं सोडायला मन धजेना. दोन-तीन दिवस त्यांनी असेच काढले. बोलत राहिल्या, पण आता प्रत्येक गोड वाक्य कानावर पडलं की आधी त्या ते मनात उलटसुलट करून बघत आणि मग उत्तर देत. उत्तर दिलं की जुळणी खूश होणार, हेही आता कळत होतं. तरी देत.

शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "अहो, ती नझनीन काय म्हणत होती ठाऊक आहे का तुम्हाला?"

"म्हणू दे तिला," टेबलावरचा आवाज मायेने म्हणाला. "आपलं किती छान चाललंय, त्रिशला."

त्रिशलाबाईंनी कितीतरी दिवसांनी मान वळवून पलंगाकडे पाहिलं. भूपालरावांनी डोळे मिटले होते. लाजल्यासारखे नव्हे. पापण्यांभोवती सुरकुत्या गोळा झाल्या होत्या, एवढा जोर लावून मिटले होते. डोळे घट्ट मिटले की 'नाही'. ही खूण त्रिशलाबाईंनीच ठरवली होती, आणि पाटी आल्यापासून त्यांनीच ती विसरून टाकली होती. ज्याच्याकडे बोलायला आवाज आहे त्याला डोळ्यांनी कोण विचारतो?

त्या उठून पलंगाशी गेल्या. "हे तुम्ही बोललात?"

डोळे मिटलेलेच.

"आजवर कधी... एखादं तरी?"

डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

"बंद करू हे?"

बुबुळं वर गेली, आणि वरच राहिली.

त्रिशलाबाई स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. नवऱ्यासाठी रडल्या, त्याचे महिनोन्‌महिने गेलेले ते 'नाही' आठवून. पण खोटं कशाला सांगा, त्या टेबलावरच्या आवाजासाठीही रडल्या. त्याने त्यांना एकदाही 'हं' म्हणून उडवून लावलं नव्हतं. मग तोंड धुऊन त्यांनी नझनीनला फोन केला.

नवी शिकवणी घरातच झाली. ठेका नाही, चाल नाही. पडद्यावर कधी 'भ', मग 'ठ', मग 'ऊ', मध्येच 'ग'. पुढे काय येणार याचा पत्ता नाही, त्यामुळे मेंदूला तयारी करायला वाव नाही. भूपालराव दमत, नझनीन थांबे, पुन्हा सुरू करी. त्रिशलाबाई चहा करून आणत आणि कोपऱ्यात बसून राहत. त्यांना धास्ती वाटत होती. कच्ची अक्षरं आली तर त्यांत काय येईल? शिव्या आल्या तर? आणि काहीच आलं नाही तर? तो माणूस पूर्वीसारखाच, 'ठेव तिथं' म्हणून मोकळा झाला तर?

"झालं," नझनीन एका दुपारी म्हणाली. "जुळणी काढून टाकलीये. येतील ती अक्षरं काकांचीच, चुकली तरी त्यांचीच. आवाज ठेवू?"

"नको," त्रिशलाबाई चटकन म्हणाल्या. तो आवाज त्यांना आता कुणाच्याच, अगदी नवऱ्याच्याही, तोंडून ऐकवला नसता. "नुसती अक्षरं पुरेत."

नझनीनने पडदा पलंगाच्या पायथ्याशी लावला, 'काका, तुमच्या सवडीने' म्हणाली आणि काही तरी निमित्त काढून बाहेरच्या खोलीत गेली.

त्रिशलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पडदा कोरा होता. मग एक अक्षर आलं. बऱ्याच वेळाने दुसरं. विहिरीतून पोहरा ओढावा तसं एकेक वर येत होतं.

कुणाशी बोलत होतीस

प्रश्नचिन्ह नव्हतं. त्रिशलाबाईंनी ते दोनदा वाचलं. "तुमच्याशीच की हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हीच आहात."

पुन्हा अक्षरं निघाली. सहाच, पण ती यायला भूपालरावांना धाप लागली.

मी इथेच होतो

हे वाचल्यावर त्रिशलाबाईंना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या पाठोपाठ, इतकी वर्षं आत कोंडलेलं काहीतरी उसळून वर आलं, आणि आजारी माणसासमोर बोलू नये ते त्या बोलून गेल्या.

"मीसुद्धा इथेच होते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून. तुम्ही यार्डातून यायचात, मी समोर असायची, आणि तुम्ही पेपर उघडायचात. मी कुणाशी बोलायचं होतं तेव्हा?"

एवढं स्पष्ट त्यांनी नवऱ्याला कधी ऐकवलं नव्हतं. टेबलावरच्या आवाजाला ऐकवलं होतं, आणि त्याने लगेच समजूत काढली होती. इथे समजूत निघाली नाही. पडदा कोरा राहिला. भूपालराव त्यांच्याकडे बघत होते. डोळे मिटले नाहीत, वर गेले नाहीत, नुसते त्यांच्यावर होते. बाहेर नझनीनने पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. चिडले असतील, त्रिशलाबाईंना वाटलं. संपलं आता, पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. त्या उठायला लागल्या तेव्हा पडद्यावर 'बो' उमटला. त्या तशाच थांबल्या. भूपालरावांच्या कपाळावर घाम आला होता. बऱ्याच वेळाने त्याच्या शेजारी दुसरं अक्षर येऊन बसलं.

बोल

त्रिशलाबाई पुन्हा कडेला टेकल्या. त्यांनी नवऱ्याचा घाम पदराने पुसला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतके महिने अखंड बोलणाऱ्या त्या बाईला पहिला शब्द कुठून काढावा तेच सुचेना, आणि भूपालराव त्यांच्याकडे बघत वाट पाहत राहिले.